क्ष-किरण दुर्बिणींच्या आरशांची प्रयोगशाळेतील चाचणी

अंतराळात पाठवायच्या क्ष-किरण दुर्बिणींचे आरसे प्रक्षेपणापूर्वी निर्वात कक्षात ज्ञात ऊर्जेच्या क्ष-किरणांखाली तपासले जातात. कक्षेत गेलेला आरसा सहसा दुरुस्त करता येत नाही आणि ज्याची तेजस्विता निरपवादपणे प्रमाण मानावी असा स्रोत आकाशात नाही. म्हणून जमिनीवर घेतलेली मोजमापेच पुढील निरीक्षणांचा आधार ठरतात.

क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर बहुतांशी शोषले जातात. पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेले तरच ते परावर्तित होतात. त्यामुळे हान्स व्होल्टर यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेनुसार अन्वस्तज व अपास्तज पृष्ठांच्या नळकांड्या एकात एक बसवतात. एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रत्येक आरसा-संचात अशी ५८ कवचे (नळकांड्या) आहेत आणि सर्वांत आतले कवच अर्धा मिलिमीटरही जाड नाही.

खरी अडचण अंतराची आहे. ताऱ्याचे किरण समांतर येतात, प्रयोगशाळेतील स्रोताचे मात्र किंचित पसरत येतात. म्हणून म्युनिकजवळच्या पँटर केंद्रात स्रोत व आरसा यांच्यात १२० मीटरांहून लांब निर्वात नळी आहे, तर १९९६-९७ मध्ये ‘चंद्रा’ या नासाच्या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे तपासणाऱ्या अमेरिकेतील हंट्सव्हिल येथील केंद्रात ती अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे. तरीही ‘चंद्रा’चे १० मीटरांचे नाभीय अंतर (आरशापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचे) तेथे सुमारे १९ सेंटिमीटरांनी वाढले. अशा पसरत्या शलाकेत पहिल्या पृष्ठावरून परतलेले काही किरण दुसऱ्या पृष्ठाला चुकवून निघून जातात. परिणामी मोजलेले प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे आरशाची किरण गोळा करण्याची क्षमता, खऱ्यापेक्षा कमी भरते आणि त्याची दुरुस्ती गणिताने करावी लागते.

दुसरा अडथळा गुरुत्वाचा. आडवा ठेवलेला आरसा स्वतःच्या वजनाने इतका वाकतो, की प्रतिमेतला दोष घडणीचा की वजनाचा, हे ठरवणे कठीण जाते. एक्सएमएमचे संच बेल्जियममधील लिएज येथे उभे ठेवूनही तपासले गेले, ते याच कारणाने.

स्रोतातील ॲनोडचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण देणाऱ्या भागाचा, धातू बदलून ऊर्जा निवडतात: ॲल्युमिनियमपासून १.४९, तर तांब्यापासून ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक). हंट्सव्हिलला आरशांमागील झडपा उघडमीट करून प्रत्येक कवचाचा एकेक चतुर्थांश वेगळा मोजता येई.

स्वच्छतेची चिंता या सर्वांहून चिवट आहे. ‘चंद्रा’च्या आरशांवरील इरिडियम धातूच्या लेपावर हायड्रोकार्बनचा जेमतेम २ नॅनोमीटरांचा थर असल्याचे पुढे निरीक्षणांवरून अनुमानले गेले, आणि तेवढ्याने २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वरची परावर्तकता बदलली.