फ्रॅजाइल एक्स: निदानाआधीच बदलणारा मेंदू

१९४३ साली ब्रिटनमध्ये मार्टिन आणि बेल यांनी एका घराण्याची वंशावळ मांडली. बौद्धिक अक्षमता प्रामुख्याने मुलग्यांत दिसत होती आणि ती आईकडून येत होती. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्स यांना अशाच एका कुटुंबात एक्स गुणसूत्राच्या टोकाशी तुटल्यासारखी जागा दिसली. या आनुवंशिक विकाराला 'फ्रॅजाइल एक्स' हे नाव त्यावरूनच मिळाले. कारण हाती लागले ते १९९१ मध्ये: एफएमआर१ जनुकातली 'सीजीजी' ही तीन अक्षरे २०० हून अधिक वेळा आली, की जनुक बंद पडते आणि चेतापेशींच्या जोडण्यांना लागणारे प्रथिन बनत नाही.

मेंदूची छायाचित्रे त्यानंतर बरीच घेतली गेली, पण बहुतेक मोठ्या मुलांची आणि प्रौढांची. त्यांत कॉडेट हा मेंदूच्या आतला, हालचाली आणि सवयींशी निगडित भाग मोठा दिसे. तो जन्मापासून तसा असतो की वर्षानुवर्षांच्या वेगळ्या वाढीमुळे होतो, हे त्यावरून सांगता येत नव्हते. माझ्या मते खरा प्रश्न हाच होता.

त्यासाठी तान्ह्या बाळांकडेच जावे लागले आणि ते सोपे नव्हते. एमआरआयचा आवाज कर्कश, बाळ स्थिर राहत नाही आणि केवळ संशोधनासाठी त्याला गुंगीचे औषध देणे योग्य नाही. म्हणून बाळाच्या नेहमीच्या झोपेच्या वेळी, कान झाकून, तपासणी करायची. शिवाय सहा महिन्यांच्या आसपास मेंदूतले करडे आणि पांढरे द्रव्य चित्रात जवळपास सारखेच दिसते, त्यामुळे प्रौढांसाठीची संगणकप्रणाली तिथे चालत नाही.

अमेरिकेतल्या 'आयबिस' या बहुकेंद्री गटाने हे काम नेटाने केले. २०१८ च्या त्यांच्या अभ्यासात फ्रॅजाइल एक्स असलेली २७ बाळे होती. तपासलेल्या १९ चेतामार्गांपैकी (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्यांपैकी) १२ मार्गांची वाढ सहाव्या महिन्यापासूनच मागे होती. २०२२ मध्ये दिसले, की ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) निदान पुढे झालेल्या बाळांत अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग पहिल्या वर्षात भराभर वाढतो. फ्रॅजाइल एक्समध्ये तो नेहमीसारखाच राहतो, कॉडेट मात्र सहाव्या महिन्यातच मोठा असतो. बाहेरून सारखी वाटणारी लक्षणे, आतल्या वाटा वेगळ्या.

अमेरिकेतही मुलग्यांचे निदान सरासरी तीन वर्षांच्या आसपास होते. फ्रॅजाइल एक्स असलेल्या किशोर आणि प्रौढांवर मॅव्होग्लुरंट या औषधाच्या चाचण्या झाल्या. लाभ न दिसल्याने २०१४ मध्ये तो प्रयत्न थांबला. उपचाराला उशीर झाला होता का, ही शंका त्यानंतर बळावली. निदानासाठी स्कॅन लागत नाही, रक्तातल्या जनुकाची तपासणी पुरते. पण घरात आधी कुणाला हा विकार असल्याखेरीज तान्ह्या बाळाची ती तपासणी सहसा होतच नाही.