लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधील झोपेविषयी खुलासा
‘जो झोपला तो संपला’ हा समज आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या सायकलस्वारांत वर्षानुवर्षे पक्का बसला आहे. तो चुकीचा तर आहेच, पण जीवघेणाही आहे. ६०० किलोमीटरच्या ब्रेवेला, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या फेरीला, ४० तास मिळतात. थांबे वगळून ताशी २० किलोमीटरचा वेग राखला, तर ३० तास सायकल चालते आणि १० तास हाती उरतात. शिवाय ही शर्यत नसल्याने क्रमांकही काढले जात नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास डोळे उघडे असूनही मेंदू क्षणभर झोपतो, आणि नेमका तेव्हाच समोर मागचा दिवा नसलेला, कापसाने भरलेला ट्रॅक्टर असू शकतो. कळंबला बाकावर हेल्मेट उशाशी ठेवून घेतलेल्या वीस मिनिटांच्या डुलकीनेच मला देवळीपर्यंत सुखरूप नेले.