कोणाले सांगून राहिला?

दारव्ह्याजवळच्या गावातल्या एका मित्राला मी माझा लेख वाचून दाखवला. सुरुवात आपल्याकडे ठरलेलीच असते. समलिंगी असणं हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 साली ते आजारांच्या यादीतून काढलं, यात आईबापाचा दोष नाही. दोन पानं ऐकून त्यानं थांबवलं. "हे तं तू माह्या मायसाठी लिवलं. माह्यासाठी कुठी हाये?"

ती दोन पानं फार जुनी आहेत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 हे 1862 पासून लागू होतं. त्यामुळे या विषयावर मराठीत बोलणारा माणूस पहिल्यापासून खुलासा देतच उभा राहिला. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: कर्वे विचारणाऱ्यालाच उत्तर देत होते.

पुढे एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांतून 'एमएसएम', म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, हा शब्द जिल्ह्याच्या गावांपर्यंत आला. त्या पत्रकांनी जीव वाचवले, पण त्यांचा वाचक म्हणजे धोक्यातला एक गट. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि सोप्या मराठीत खूप लिहिलं. घरच्यांच्या हातात ठेवता येईल असं काही त्याआधी जवळपास नव्हतंच. मग 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, 2013 मध्ये तो निकाल फिरला, 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कलमाचा तो भाग रद्द केला. दर वेळी वर्तमानपत्रांनी पहिल्या इयत्तेपासून समजावलं, आणि आम्हीही तसंच लिहायला शिकलो.

मग समजावणं सोडूनच द्यावं का? विदर्भातल्या माणसाला इथे महानुभाव पंथाचं रिद्धपूर आठवावं. पंथातले केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी अडवलं. अशानं संस्कृत न येणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. त्याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत, सांकेतिक अक्षरांत लपवले. ते सुरक्षित राहिले खरे, पण विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला जवळपास बंदच होते.

आमच्या शब्दांचंही असंच आहे. नागपूरच्या समलिंगी पुरुषांच्या गटात ऊठबस असलेला, बायकी ढबीचा पोरगा स्वतःला 'कोती' म्हणवतो; त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगायला गेलं तर तो वाचक उरत नाही, लेखाचा विषय होतो. पण घाटंजीकडच्या एखाद्या पाड्यावर एकटाच मोबाइल घेऊन बसलेल्या पोरानं तो शब्द कधी ऐकलेलाच नसतो. रूढ चौकटीबाहेरच्या सगळ्यांसाठीचा 'क्वीअर' हा इंग्रजी शब्द तर दोघांनाही परका. म्हणून मी आता कंसात अर्थ देत नाही. शब्द अशा वाक्यात ठेवतो, की नवख्याला तो वाक्यावरूनच उमगावा आणि जुन्याला टोचू नये.

जिथं खरंच उलगडून सांगायला हवं, तिथं मात्र आम्ही दोन ओळींत उरकतो. पारलिंगी म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तीला ओळखीचं प्रमाणपत्र 2019 च्या कायद्यानं मिळतं, अर्ज ऑनलाइन होतो, प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, आणि 2020 च्या नियमांत त्यासाठी शारीरिक तपासणीची अट नव्हती. ही शेवटची गोष्ट ठाऊक नसली, तर माणूस तपासणीच्या धास्तीनं अर्जच करत नसे. याला दोन पानं द्यायला हवी होती.

मित्राला मी विचारलं, तुझ्यासाठी काय लिहू? लग्नाचा दबाव असतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, "पोरगी पाहाले पाहुणे दारात आले की बापासमोर काय बोलाचं, थे लिव."

लेख आता तिथून सुरू होतो.