जहाजवाहतुकीतील उत्सर्जन घटवण्याची आर्थिक धोरणे

जहाजांच्या धुरातून होणाऱ्या हवामानाच्या हानीची किंमत जहाजमालकाच्या हिशेबात यावी, यासाठी योजलेले कर, उत्सर्जन परवाने, दंड आणि सवलती यांचा या धोरणांत समावेश होतो. जगातील व्यापारी मालापैकी ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो आणि २०१८ साली मानवनिर्मित हरितगृह वायूंत जहाजांचा वाटा सुमारे २.९ टक्के होता. तरीही आंतरराष्ट्रीय जहाजांचे इंधन बहुतेक करमुक्तच राहिले आहे.

हे इंधन म्हणजे प्रामुख्याने तापवल्याशिवाय नीट न वाहणारे काळे, दाट तेल. ते एक टन जाळले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून कार्बनवर टनामागे १०० डॉलर कर बसला, तर तेल टनामागे सुमारे ३१० डॉलरने महागते. त्याचा पहिला परिणाम वेगावर होतो. इंजिनाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर प्रवास लांबूनही जवळपास पाचवा हिस्सा इंधन वाचते. मात्र मुदतीच्या भाडेकरारात इंधनाचा खर्च भाड्याने घेणारा उचलतो, त्यामुळे महागडी सुधारणा करण्यात मालकाला फारसा रस नसतो. नुसत्या किमतीने ही अडचण पुरती सुटत नाही.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून ५,००० सकल टनांवरील (सकल टन हे जहाजाच्या आकारमानाचे माप) जहाजांना परवाना-बाजारात आणले, म्हणजे उत्सर्जनाच्या प्रत्येक टनासाठी परवाना घेणे भाग पाडले. संघांतर्गत प्रवासाचे पूर्ण, तर न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाचे निम्मे उत्सर्जन त्यात मोजले जाते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये तिने मर्यादेपलीकडील उत्सर्जनावर टनामागे १०० आणि ३८० डॉलर अशा दोन दरांच्या आराखड्याला मंजुरी दिली व भारताने बाजूने मत दिले. ऑक्टोबरमध्ये मात्र अंतिम स्वीकृती वर्षभर पुढे ढकलली गेली. प्रशांत महासागरातील बेटांना सर्व उत्सर्जनावर सरसकट कर हवा होता, आणि ही मागणी न्याय्यच म्हणावी लागेल, कारण वाढत्या समुद्राचे पाणी आधी त्यांच्याच दारात येते.

मराठवाड्याला किनारा नाही, पण हा भार तेथवर पोहोचतो. लातूरच्या डाळमिलांत देशी तुरीबरोबर मोझांबिक व म्यानमारची तूरही भरडली जाते आणि व्यापारी जिला डीओसी म्हणतात ती सोयापेंड बंदरावाटे परदेशी जाते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रभागांच्या किमतीपुढे कंटेनरचे भाडे किरकोळ ठरते. तेवढ्याच वजनाच्या पेंडीच्या किमतीत मात्र तेच भाडे मोठा हिस्सा खाते आणि आडतीवर सोयाबीनचा भाव ठरताना ते शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होऊ शकते. म्हणून कराचा दर किती, याइतकाच त्यातून जमणारा पैसा स्वच्छ इंधनाबरोबर अशा हलक्या किमतीच्या, जड मालाच्या प्रदेशांकडे कसा परत येईल, हा या धोरणांतील कळीचा प्रश्न आहे.