ऑइल कॅच कॅन

ऑइल कॅच कॅन : इंजिनाच्या क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीतून) निघणाऱ्या वायूंबरोबर आलेले तेल, पाणी आणि इंधनाची वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) पोहोचण्याआधी अडवून साठवणारे भांडे. टर्बो असलेल्या, ताकद वाढवलेल्या किंवा ट्रॅकवर पळवल्या जाणाऱ्या मोटारींत ते प्रामुख्याने दिसते. दिसायला अर्धा-पाऊण लिटरचा अॅल्युमिनियमचा डबा. एक नळी आत, एक बाहेर, तळाशी निचऱ्याची तोटी. पण हा डबा इंजिनाच्या श्वासमार्गातच बसतो, आणि चुकीचा बसला तर तेल अडवायचे सोडून ऑइल सील फोडतो.

तेल वर कसे येते

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचे थोडे वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये निसटतातच. याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याचेच नाव ‘बॅक कॉम्प्रेशन’. या वायूंत न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्ले असतात. खाली क्रँक आणि कनेक्टिंग रॉड तेल घुसळत असतात, पिस्टन थंड ठेवणारे तेलाचे फवारे उडत असतात. त्या धुक्यातून वायू वर जातात ते तेलाचे थेंब सोबत घेऊनच. बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ब्लो-बायही वाढतो. फोर्ज्ड पिस्टन टाकताना बोअरमधली फट मोठी ठेवावी लागते, म्हणून थंड इंजिनात तो आणखी जास्त.

हे वायू बाहेर काढावेच लागतात, नाहीतर आत दाब साचतो. जुन्या गाड्यांत त्यासाठी खाली रस्त्याकडे तोंड असलेली साधी नळी असे. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून आणि अमेरिकेत इतरत्र १९६३ पासून ते वायू पुन्हा इनटेकमध्ये ओढून जाळण्याची पीसीव्ही पद्धत आली. हवेचे प्रदूषण घटले. मात्र तेलाला इनटेकची वाट मिळाली.

पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगवर तोललेला छोटा दट्ट्या. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत) व्हॅक्यूम जोराचा असतो, तेव्हा दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद होते; मध्यम भारावर वाट मोठी होते. टर्बो गाडीत बूस्ट येताच मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब असतो, म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायूंना दुसरा रस्ता धरावा लागतो: टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशी असलेल्या पाइपात. तिथे कंप्रेसर हवा ओढत असल्याने थोडी खेच असते. म्हणजे टर्बो गाडीत तेलाचे रस्ते दोन आहेत. हळू चालवताना ते पीसीव्हीच्या बाजूने येते, पाय दाबल्यावर ब्रीदरच्या बाजूने. पुष्कळ जण फक्त पीसीव्हीच्या नळीत कॅन बसवून समाधान मानतात. शहरात फिरणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होतोही, पण ट्रॅकवर बहुतेक तेल ब्रीदरकडून येते आणि तो रस्ता तसाच मोकळा राहतो.

इनटेकमधल्या तेलाने काय बिघडते

तेलाचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फार कमी. हवेत तेलाचे धुके मिसळले की मिश्रणाची नॉकला (अवेळी धडाक्याने पेटण्याला) तोंड देण्याची शक्ती घटते. नॉक सेन्सरला ते कळते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचे टायमिंग मागे घेतो आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ताकद कमी दिसते. ज्या गाडीचे मॅपिंग (ईसीयूमधली इंधन-ठिणगीची मांडणी) आधीच कडेलोटावर आहे तिथे पिस्टनच जाऊ शकतो. छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर जोर मागितल्यास ठिणगीआधीच पेट घेण्याचा जो दोष दिसतो, त्याचेही एक कारण ज्वलनकक्षात उडालेला तेलाचा थेंब हेच आहे. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) एसएन प्लस आणि २०२० मधल्या एसपी या वर्गांत तेलाची त्यासाठी वेगळी चाचणी आली.

इंटरकूलरच्या आतून तेलाचा पापुद्रा चढला की उष्णता बाहेर जाणे मंदावते. थ्रॉटल बॉडी चिकट होते, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर तेलकट होऊन चुकीचे आकडे देतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत त्रास वेगळाच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ते पडत नाही आणि व्हॉल्व्ह धुतला जात नाही. तेलाची वाफ तिथे भाजून कार्बनचा थर होतो. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून तो काढतात. टोयोटाने डी-४एस पद्धतीत पोर्टमध्येही इंजेक्टर ठेवले. त्याने व्हॉल्व्ह धुण्याची सोय आपोआप झाली. कॅच कॅनने हा थर साठण्याचा वेग कमी होतो, पूर्ण थांबत नाही, कारण थोडे तेल व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधूनही झिरपते. आधीच बसलेला कार्बन तर कॅनने मुळीच निघत नाही.

डिझेल गाड्यांतही ब्रीदरचे तेल येते आणि ईजीआरच्या (एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीत मिसळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा गाळ होतो. रांजणगावला बनलेल्या १.३ मल्टीजेटचे मॅनिफोल्ड ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना तो परिचित असेल.

डब्याच्या आत

रिकामा डबा फारसे काही पकडत नाही. बाजारातले बरेच स्वस्त कॅन रिकामेच असतात. वायू एका नळीने येतो, दुसरीने जातो, धुके तसेच पुढे. वेगळे करण्यासाठी तीन गोष्टी लागतात. वायूचा वेग एकदम कमी झाला पाहिजे, म्हणून कॅनचा पोट-भाग नळीपेक्षा बराच रुंद हवा. वाट वळली पाहिजे, म्हणजे जड थेंब वळण न घेता भिंतीवर आपटतात. त्यासाठी आत आडपट्ट्या असतात. आणि बारीक धुक्याला चिकटायला पृष्ठभाग लागतो: स्टेनलेस स्टीलची जाळी किंवा सिंटर्ड ब्राँझची फिल्टर-नळी. जाळीवर सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे थेंब होतात आणि खाली ओघळतात. गोळा झालेले तेल पुन्हा प्रवाहात उचलले जाऊ नये म्हणून त्याच्यावर भोकांची आडवी पट्टी असावी.

जाळी जितकी दाट तितके तेल जास्त अडते, पण वाटही तितकीच अडते. इथे कंजूषपणा करून चालत नाही: तेल थोडे निसटले तर इनटेक तेलकट होईल, वाट अडली तर क्रँककेसचा दाब मागचा मेन सील ढकलून बाहेर काढील.

आरबी२६ चा धडा

निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये १९८९ ते २००२ वापरलेले आरबी२६डीईटीटी हे सहा सिलिंडरचे इंजिन तेल वर फेकण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि दोष डब्याने का सुटत नाही हे त्यावरून नीट कळते. उंच आरपीएमवर पंप हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या भागात) जितके तेल पाठवतो तितके खाली परतायला भोके पुरत नाहीत. त्यातच ब्लो-बायला वर येण्यासाठी हीच भोके असतात. उतरणारे तेल आणि चढणारा वायू समोरासमोर अडकतात, हेड तेलाने भरते आणि ब्रीदरमधून पातळ तेलच वाहू लागते. अशा वेळी कितीही मोठा कॅन लावा, तो एका सत्रात भरतो आणि चेंबर (इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची टाकी) तेवढाच रिकामा होतो. लांब वळणावर पिकअपला (पंपाच्या शोषनळीला) तेल मिळाले नाही की बेअरिंग जाते.

म्हणून जाणकार आधी हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत साधारण १ ते १.५ मिमी भोकाचा रेस्ट्रिक्टर घालतात, परतीची भोके मोठी करतात, हेडच्या मागून चेंबरकडे वेगळी जाड नळी काढतात आणि चेंबरमध्ये बॅफल (आडपट्ट्या) बसवतात. कॅन शेवटी, तोही तळातून चेंबरला तेल परत देणारा. सुबारूच्या आडव्या बॉक्सर इंजिनांत सिलिंडर हेड दोन्ही कुशींना असल्याने लांब वळणात तेल बाहेरच्या हेडकडे धावते. त्यांच्यासाठी कूलंटने गरम ठेवलेले सेपरेटर मिळतात. गरम असल्याने पाणी आत साचत नाही, वाफ निघून जाते, आणि तेल इंजिनात परत सोडता येते. थंड साध्या कॅनमधले द्रव्य मात्र कधीही इंजिनात ओतू नये.

कॅनआधी तपासणी

पहिले काम डिपस्टिक पाहणे. तेल कमाल खुणेच्या वर असेल तर क्रँक त्यात बुडून फेस काढतो; जास्तीचे तेल काढले की निम्मे प्रश्न इथेच सुटतात. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवावा. दट्ट्याचा असेल तर खुळखुळला पाहिजे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ईए८८८ सारख्या इंजिनांत व्हॉल्व्हऐवजी पडद्याचे मॉड्यूल असते. पडदा फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडलला ऑइल कॅप ओढून निघता निघत नाही. त्यानंतर लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती निसटते ते पाहणे : गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन चांगले, २० च्या वर गेली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह पाहावे. ऑइल कॅप काढल्यावर भसाभस धूर येणाऱ्या इंजिनाला कॅन लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे.

तेलाची निवडही मोजावी. नोअॅक चाचणीत तेल किती उडते ते टक्क्यांत देतात. एपीआय एसपी-आयएलएसएसी जीएफ-६ या तेल-मानकासाठी मर्यादा १५, युरोपातल्या एसीईए सी३ साठी १३. कमी आकड्याचे तेल घेतले की वाफ मुळातच कमी.

बसवणे

नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको. दोन लिटरच्या आसपासच्या टर्बो ट्रॅक-गाडीला ब्रीदरकडून १६ ते १९ मिमी लागते. डॅश १० फिटिंगचा साधारण १६ मिमी हा आकडा नळीच्या बाहेरच्या व्यासाचा, आतली वाट त्याहून कमी. स्वस्त किटमधले निपल बाहेरून मोठे दिसतात, आत बोटाएवढीही वाट नसते. ते मोजूनच घ्यावे.

नळी तेल-पेट्रोल सहन करणारी नायट्राइल रबरची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्यावी. कूलंटची सिलिकॉन नळी दिसायला छान, पण तेलाने फुगते, मऊ पडते आणि बाहेरून घाम आल्यासारखी तेलकट होते; सिलिकॉनच हवी असेल तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचे अस्तर असलेली. व्हॅक्यूमच्या बाजूला पातळ भिंतीची नळी चपटी होते, हेही ध्यानात ठेवावे.

कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, वारा लागेल अशा थंड जागी बसवावा. थंड भिंतीवर वाफ लवकर जमते आणि सांडलेले तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून आग लागण्याचा धोका राहत नाही. इंजिनाकडून कॅनकडे नळी सतत चढती ठेवली तर वाटेत जमलेले तेल इंजिनात परत ओघळते. मध्ये झोळ पडला की तिथे द्रव साचते. थंड देशांत त्या झोळात बर्फ होऊन वाट बंद पडते आणि सकाळी पहिल्याच जोरात डिपस्टिक उडते.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाकायचा नाही. कॅन त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये येतो. व्हॉल्व्ह इंजिनाच्या बाजूला राहिला तर बूस्टमध्ये कॅनवर पूर्ण बूस्टचा दाब येतो. म्हणून मॅनिफोल्डजवळ आणखी एक चेक व्हॉल्व्ह घालावा आणि त्याची बाणाची खूण मॅनिफोल्डकडे आहे ना ते दोनदा पाहावे. तो उलटा बसला तर आयडलला क्रँककेसमधून काहीच निघत नाही, आणि बूस्टमध्ये दाब कॅनवर येतो.

इंजिन सुरू करून ऑइल कॅपच्या जागी कागद धरावा. हलका चिकटला तर ठीक. उडवला गेला तर वाट कुठेतरी अडली आहे. गाडी पळवू नये. आयडल वरखाली होऊ लागले किंवा लीन (इंधन कमी) मिश्रणाचा पी०१७१ कोड आला तर कुठे तरी न मोजलेली हवा आत येते आहे : सैल क्लिप, डिपस्टिकचे ओ-रिंग, किंवा मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत ब्रीदरची नळी काढून तिथे छोटा फिल्टर लावलेला असणे.

उघडा की बंद

बंद पद्धतीत कॅनमधला वायू परत इनटेकला जातो. क्रँककेसमध्ये हलका व्हॅक्यूम राहतो, रिंगांना त्याचा फायदाच होतो, आणि केबिनमध्ये वास येत नाही. उघड्या पद्धतीत कॅनच्या डोक्यावर फिल्टर असतो आणि वायू हवेत जातो. इनटेकमध्ये एक थेंबही तेल नाही, म्हणून शर्यतीच्या गाड्यांत हीच पद्धत आवडते. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत ती बेकायदा आहे. भारत स्टेज मानकांच्या चाचणीत क्रँककेसचे वायू बाहेर सुटता कामा नयेत अशी अट आहे.

स्पर्धेत उघडा ब्रीदर चालतो, पण तेल ट्रॅकवर सांडू नये यासाठी एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या) नियमांत डब्याचे माप ठरलेले आहे : २,००० घन सेंमीपर्यंतच्या इंजिनाला किमान २ लिटर, त्यावर ३ लिटर, डबा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा किंवा आतले दिसेल अशा खिडकीचा. अर्ध्या लिटरचा चकचकीत कॅन लावून तपासणीला गेलेली गाडी इथे अडकते.

रिकामा करणे

सुरुवातीला दर १,००० किमीला पाहावे, मग इंजिनाची सवय कळते. ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर. पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांत पाणी जास्त येते आणि तळाशी ताकाळ, लोण्यासारखा फेस दिसतो. त्याने घाबरायचे कारण नाही, पण इंजिन वीस-पंचवीस मिनिटे नीट तापेल अशी एक फेरी मारावी. पेट्रोलचा उग्र वास आणि पातळ तपकिरी पाणी असेल तर रिच (इंधन जास्त) मिश्रण किंवा गळका इंजेक्टर शोधावा. निव्वळ स्वच्छ तेल भरत असेल तर ते धुके नव्हे, हेडमधून वाहून आलेले तेल आहे, आणि दुरुस्ती बॅफलची किंवा परतीच्या वाटेची. जाळी दर तेल-बदलाला काढून डिझेल किंवा रॉकेलने धुवावी, वाळवूनच परत बसवावी. काढलेले द्रव्य ज्वालाग्राही असते. गटारात न ओतता वापरलेल्या इंजिन तेलाबरोबर कॅनीत साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे.