रेशीम-प्रथिनाचे नॅनोतंतू

रेशमातले फायब्रॉइन हे प्रथिन विरघळवून त्यापासून काढलेले, बहुधा काहीशे नॅनोमीटर जाडीचे धागे. ऊतक अभियांत्रिकीत, म्हणजे शरीरातल्या ऊतींची जागा घेणारे ऊतक घडवण्याच्या शास्त्रात, त्यांची चटई बांधकामाच्या परांचीसारखी वापरतात : पेशी तिच्या आधाराने वाढतात, स्वतःचे जाळे विणतात आणि परांची हळूहळू विरून जाते. शरीरात पेशींभोवती असणारे कोलॅजेनचे तंतूही साधारण याच मापाचे असतात. एवढा बारीक धागा काढण्याचा खटाटोप त्यासाठीच.

तुतीच्या रेशीमकोषात धागा फायब्रॉइनचा आणि त्यावरचा चिकट लेप सेरिसिनचा असतो. चिरलेले कोष सोडियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात अर्धा तास उकळले की लेप सुटतो. उरलेला कापसासारखा पुंजका वाळवून लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या दाट (९.३ मोलर) द्रावणात ६० अंश सेल्सिअसला सुमारे चार तास ठेवतात. मग हे द्रावण अर्धपार्य (फक्त लहान रेणू जाऊ देणाऱ्या) पडद्याच्या नळीत भरून दोन-तीन दिवस बाहेरचे पाणी बदलत राहायचे. क्षार निघून जातो, प्रथिन आत राहते. ते जपून हाताळावे लागते. जोरात ढवळले तर त्याची जेली होते, आणि सगळी मेहनत वाया.

कताई विजेने होते. सिरिंजच्या सुईला १० ते २५ किलोव्होल्ट दाब दिला की टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार सुटते, चाबकासारखी वळवळत बारीक होते आणि १०-२० सेंटिमीटरवरच्या पत्र्यावर वाळून बसते. पाण्यातल्या नुसत्या फायब्रॉइनची धार सहज धरत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे डेव्हिड कॅप्लन व सहकाऱ्यांनी त्यात पॉलिएथिलीन ऑक्साइड हे पाण्यात विरघळणारे बहुवारिक मिसळून हा प्रश्न सोडवला.

ताजी चटई पाण्यात विरघळते. मात्र मिथेनॉलमध्ये भिजवली की प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट पदर धरतात आणि ती टिकाऊ होते. रेशमाची खरी सरशी इथे आहे. जिलेटिनचे तंतू शरीराच्या तापमानालाच विरघळतात, म्हणून त्यांना बांधायला ग्लुटराल्डिहाइडसारखे रसायन लागते, आणि त्याचा उरलेला अंश पेशींना मारक. कोलॅजेन फ्लोरिनयुक्त अल्कोहोलात विरघळवून कातले, तर त्याचा तिहेरी पीळच मोडतो. हाती येते ते बरेचसे महागडे जिलेटिन.

उणीव आहे ती दाटीची. छिद्रे इतकी लहान, की पेशी वरच पसरतात, आत शिरत नाहीत. त्यावर उपाय म्हणून पाण्यात विरघळणारे तंतू सोबत कातून नंतर धुऊन काढतात.

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर होणाऱ्या टसरच्या, म्हणजे कोसा रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक आम्ल ही अमिनो आम्लांची त्रयी असते. पेशींची पकड तिच्यावर चांगली बसते. तुती रेशमात ती नाही. अडचण एवढीच, की टसरचा कोष लिथियम ब्रोमाइडला सहजी दाद देत नाही. त्यामुळे हे प्रथिन बहुधा कोष विणायच्या बेतात आलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच काढून घेतात.