आश-ए-रेश्ते

आश-ए-रेश्ते हा इराणमधला दाट, हिरवागार, पोटभरीचा पदार्थ. हॉटेलांच्या मेनूकार्डावर याला नूडल सूप लिहितात, पण सूप म्हटलं की आपल्याला जे वाटीभर पातळ काहीतरी आठवतं तसं हे अजिबात नाही, यात चमचा जवळजवळ उभा राहतो आणि एक मोठा बाऊल खाल्ला की जेवणच झालं. आश म्हणजे असा दाट शिजवलेला पदार्थ. फारसीत स्वयंपाक्याला आशपझ म्हणजे आश शिजवणारा म्हणतात आणि स्वयंपाकघराला आशपझखाने, यावरून आशचं तिथलं वजन समजून घ्या. म्हणसुद्धा आहे, आशपझ दोन झाले की आश एकतर खारट होतं नाहीतर अळणी. रेश्ते म्हणजे धागा, हिंदीतला रिश्ता तो हाच शब्द. इथे धागे म्हणजे गव्हाच्या पिठाच्या चपट्या, लांब, खारट शेवया.

मार्चमधल्या नवरोझला हे हमखास होतं, नव्या वर्षाचे धागेदोरे आपल्या हातात राहावेत अशी त्यामागची कल्पना. नवसाचं आश मोठ्या पातेल्यात करून शेजारीपाजारी वाटतात. आणि घरातलं कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की मागे राहिलेले, बहुतेक तिसऱ्या दिवशी, जे आश शिजवून वाटतात त्याला आश-ए-पोश्त-ए-पा म्हणतात, म्हणजे पावलामागचं आश. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

घरी पाच-सहा जणांसाठी करायचं तर अर्धी वाटी काबुली चणे आणि अर्धी वाटी राजमा रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवायचा (राजमा कच्चट ठेवायचा नाही, पोट बिघडतं), अख्खा मसूर अर्धी वाटी नंतर पातेल्यात टाकला तरी चालतो, पटकन शिजतो. चार मोठे कांदे पातळ चिरून मंद गॅसवर चांगले तपकिरी तळायचे, हे झालं पियाज दाग, शेवटी लसूण आणि चमचाभर हळद, अर्धं वरून घालायला बाजूला काढायचं. उरलेल्यात पालक, कोथिंबीर, पार्सली आणि तारे नावाची पात, सगळं मिळून किलोभर, बारीक चिरून घालायचं. तारे आपल्याकडे मिळत नाही, कांद्याची पात घ्या. मसूर, शिजलेले चणे-राजमा आणि भरपूर पाणी घालून अर्धा-पाऊण तास उकळू द्यायचं. गरम मसाला, जिरं, मिरची काही नाही, हात शिवशिवला तरी नाही!

मग पाव किलो रेश्ते. आधी वेगळे उकडायचे नाहीत, कारण त्यांना लागलेल्या पिठानेच आश दाट होतं. तळाशी चिकटतात म्हणून हलक्या हाताने ढवळत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं. रेश्ते आणि वरून घालायचं कश्क (वाळवलेल्या आंबट ताकाचे गोळे) दोन्ही खारट असतात, त्यामुळे मीठ अगदी शेवटी चाखून. रेश्ते नसतील तर चपटा पास्ता चालेल, तेव्हा मात्र मीठ लागेल आणि दाटपणासाठी थोडी कणीक पाण्यात कालवून घाला. आश नीट जमून आलं की इराणी लोक ते 'जा ओफ्तादे' म्हणतात, शब्दशः जागेवर पडलं. आपण मुरलं म्हणतो तसंच.

कश्क हा या सगळ्याचा प्राण. आंबट ताक उकळून, गाळून, मीठ घालून वाळवलेले पांढरे गोळे, ते पाण्यात विरघळवून वापरतात. सुटं कश्क आणलं तर उकळूनच घ्यायचं. चक्का पाण्यात फेटून घातला तर आंबटपणा येतो पण तो खमंग, जुनाट चीजसारखा वास येत नाही, आणि गॅस बंद केल्यावरच घालायचा नाहीतर फुटतो.

वरून नाना दाग. नाना म्हणजे पुदिना, आपले नाना नव्हेत. तेल गरम करून गॅस बंद करायचा आणि मग चुरलेला वाळका पुदिना टाकायचा, काही सेकंदच, जास्त झालं की कडू. आपण वरून फोडणी देतो तसा प्रकार. तो, बाजूला ठेवलेला कांदा आणि पांढऱ्या कश्कची रेघ बाऊलवर घालून वाढतात. उरलेलं आश दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा होतं, गरम करताना उकळतं पाणी घाला, पुदिना मात्र ताजा तळा.